"अँटिकॅन्सर करायचंय" म्हणजे नेमकं काय करायचं? आफ्रिकेतल्या औषधी वनस्पतींच्या अर्काची तपासणी, पायरीपायरीने

जून सरत आला, प्रकल्पांचे विषय वाटायला घेतले, की एक वाक्य दरवर्षी कानावर पडतंच: "मला आफ्रिकन प्लांटवर अँटिकॅन्सर करायचंय." करायचंय म्हणजे काय, असं विचारलं की उत्तरही ठरलेलं असतं. अर्क काढायचा, पेशींवर टाकायचा, पेशी मेल्या की आलेख काढायचा. यात खोटं काही नाही. पण प्लेटमधल्या पेशी फिनेलनेही मरतात आणि दाट मिठाच्या पाण्यानेही मरतात. त्या मारायला आठवडा पुरतो. कशाने मेल्या आणि मधल्यामध्ये आपण फसलो तर नाही ना, हे शोधण्यात वर्ष जातं.

खालच्या पायऱ्या एम.एस्सी., एम.फार्म. आणि पीएच.डी.च्या पहिल्या वर्षातल्यांसाठी आहेत. नमुन्याला एकच झाड धरलं आहे: पश्चिम आफ्रिकेतलं कडूपान. नायजेरियात त्याचं सूप घरोघरी होतं आणि औषधातही ते चालतं. घरात पेशंट आहे म्हणून हे वाचत असाल, तर "पेशंटच्या घरच्यांसाठी" हा भाग आधी वाचा. बाकीचं नंतर सावकाश.

कामाला हात घालण्याआधी: तीन झाडं

पहिलं झाड तुमच्या अंगणात असेल. सदाफुली आपल्याकडे कुंपणाला, देवळामागे, गच्चीतल्या फुटक्या बादलीतसुद्धा इतकी फुलते की ती परकी वाटतच नाही. पण ती मूळची मादागास्करची. शास्त्रीय नाव कॅथरँथस रोझियस, जुन्या पुस्तकांत विंका रोझिया. १९५२ मध्ये जमैकाहून तिची पानं पाकिटातून कॅनडातल्या डॉ. क्लार्क नोबल यांच्याकडे आली. जमैकात लोक मधुमेहावर या पानांचा चहा पीत. ती पानं पुढे त्यांचे भाऊ रॉबर्ट नोबल यांच्याकडे, वेस्टर्न ऑंटेरिओ विद्यापीठाच्या प्रयोगशाळेत गेली. प्राण्यांना अर्क तोंडाने पाजला, तर साखर ढिम्म हलली नाही. टोचून दिला, तर प्राणी काही दिवसांत संसर्गाने दगावले. रक्त पाहिलं तेव्हा पांढऱ्या पेशी कोसळलेल्या, अस्थिमज्जा थंडावलेली. कुणीही "अर्क विषारी" असा शेरा मारून फाइल मिटली असती. नोबल आणि रसायनशास्त्रज्ञ चार्ल्स बीअर यांनी उलटा प्रश्न विचारला: पांढऱ्या पेशी बेसुमार वाढण्याच्या आजारात हेच विष उपयोगी पडेल का? १९५८ मध्ये व्हिनब्लास्टिन हाती आलं होतं. त्याच सुमारास अमेरिकेत एलाय लिली कंपनीत गॉर्डन स्वोबोडा ल्युकेमिया झालेल्या उंदरांवर हेच झाड तपासत होते. त्यातून व्हिनक्रिस्टिनही निघालं आणि १९६३ मध्ये त्याला अमेरिकेत मंजुरी मिळाली. लहान मुलांच्या ल्युकेमियात आजही ते लागतं.

तुमच्या प्रकल्पाच्या दृष्टीने यातल्या तीन गोष्टी टिपून ठेवा. लोकांचा दावा मधुमेहाचा होता, कॅन्सरचा नव्हता. तोंडाने घेतलेला अर्क कामाला आला नाही. आणि जो दुष्परिणाम म्हणून दिसला, तोच धागा ठरला.

दुसरं झाड इथिओपियातलं मेटेनस. मॉरिस कुपचान यांच्या गटाने १९७२ मध्ये त्यातून मेटान्सिन वेगळं केलं. किलोभर मालातून मिळायचं मिलिग्रॅमचा अंश. माणसांवरच्या चाचण्यांपुरतं औषध जमवायला १९७० च्या दशकात केनियातल्या शिंबा हिल्समधून मेटेनसच्याच दुसऱ्या एका जातीचा सुमारे २७ टन माल काढण्यात आला. चाचण्यांत काय दिसलं? उलट्या, जुलाब, नसांना इजा. गाठींवर परिणाम मात्र बेताचा. मेटान्सिन बाजूला पडलं. पुढे कुणीतरी विचार केला की एवढं जहाल विष रक्तात मोकळं सोडण्यापेक्षा गाठीचा पत्ता ओळखणाऱ्या अँटिबॉडीच्या पाठीवर बांधून पाठवावं. ट्रास्टुझुमॅब या अँटिबॉडीला मेटान्सिनचा भाऊबंद जोडून तयार झालेलं औषध २०१३ मध्ये अमेरिकेत स्तनाच्या एका प्रकारच्या कॅन्सरसाठी मंजूर झालं. म्हणजे झाडापासून बाटलीपर्यंत ४० वर्षं. आणि गंमत बघा, आज त्या औषधाचा कच्चा माल झाडातून येत नाही. मेटान्सिनचा सख्खा नातलग असलेला रेणू एक जिवाणू बनवतो आणि तो टाकीत वाढवता येतो.

तिसरं, दक्षिण आफ्रिकेतलं काँब्रेटम कॅफ्रम. अमेरिकेतल्या ॲरिझोनात जॉर्ज पेटिट यांच्या गटाने १९८० च्या दशकात त्याच्या सालीतून काँब्रेटास्टॅटिन काढली. ती गाठीचा रक्तपुरवठा तोडते. प्रयोगशाळेत देखणी, माणसांवर अनेक चाचण्या झालेली, आणि तरीही कॅन्सरचं औषध म्हणून बाजारात न आलेली. बहुतेक चांगल्या रेणूंच्या नशिबी हेच येतं, म्हणून हे नाव विसरू नका.

तिघांचा मार एकाच जागी बसतो: ट्युब्युलिन. पेशी दुभंगताना गुणसूत्रं दोन टोकांना ओढून नेणाऱ्या सूक्ष्म नळ्या या प्रथिनाच्या असतात. नळ्या अडल्या की पेशी विभागणीच्या मध्येच अडकते आणि मरते. पण त्याच नळ्या मज्जातंतूंतही असतात, म्हणून व्हिनक्रिस्टिनने हातापायांना मुंग्या येतात. काँब्रेटास्टॅटिन जिथे बसते तिथेच कोल्चिसिनही बसतं. कोल्चिसिन कुठे सापडतं? आपल्या कळलावीत. ती कोकणात पावसाळ्यात कुंपणावर पेटल्यासारखी फुलते, आफ्रिकेतही रानटी वाढते आणि झिंबाब्वेचं राष्ट्रीय फूल आहे. तिचे कंद खाऊन माणसं दगावली आहेत.

पायरी १: झाडाचं नाव पक्कं करा

कडूपानाला योरुबा भाषेत एवुरो, इग्बोत ओनुग्बु आणि हौसात शुवाका म्हणतात. जवळपास सगळ्या शोधनिबंधांत ते व्हर्नोनिया अमिग्डालिना या नावाने भेटेल. आता मान्य नाव जिम्नँथेमम अमिग्डालिनम आहे. फक्त नव्या नावाने शोधलंत तर निम्मं साहित्य सुटेल, फक्त जुन्याने लिहिलंत तर परीक्षक अडवेल. दोन्ही लिहा. मान्य नाव लंडनच्या क्यू उद्यानाच्या ऑनलाइन सूचीत तपासा. दक्षिण आफ्रिकेतल्या "कॅन्सर बुश"चंही असंच: सदर्लँडिया फ्रुटेसेन्स की लेसर्टिया फ्रुटेसेन्स, यावर अजून दोन्ही नावं चालू आहेत.

नाव कागदावर पुरत नाही. फांदी, पान, शक्य तर फूल, असा दाबून वाळवलेला नमुना मान्यताप्राप्त हर्बेरियममध्ये (वाळवलेल्या वनस्पतींच्या संग्रहालयात) जमा करा आणि त्याचा क्रमांक घ्या. पुडीत आलेल्या भुकटीचा नमुना होत नाही, हे लक्षात ठेवा. जोहान्सबर्ग किंवा डर्बनच्या मुथी (म्हणजे देशी औषधांच्या) बाजारात साल आणि मुळं तुकड्यांनीच मिळतात. तिथून माल घेतलात तर विकणाऱ्याने सांगितलेलं नाव ही सुरुवात असते, पुरावा नसतो.

पायरी २: परवानगी

ही पायरी कंटाळवाणी आहे म्हणून विद्यार्थी ती शेवटी ठेवतात आणि मग निबंध छापताना अडकतात. नागोया करार ऑक्टोबर २०१४ पासून लागू आहे. दुसऱ्या देशाची जैविक संपत्ती वापरायची तर त्या देशाची आधी संमती आणि फायद्याच्या वाटणीचा करार लागतो. दक्षिण आफ्रिकेचा जैवविविधता कायदा २००४ चा, आपला २००२ चा. तिकडून वाळका माल आणायचा तर आपल्या वनस्पती संगरोध विभागाची अटही पाळावी लागते. ऑनलाइन दुकानातून भुकटी मागवली म्हणजे हे सगळं टळलं, असं नाही.

हे कशासाठी, असं वाटत असेल तर दोन नावं पुरेत. सदाफुलीच्या औषधांवर कंपनीने भरपूर कमावलं, मादागास्करच्या वाट्याला त्यातलं काही आलं नाही. हुडिया या भूक मारणाऱ्या वनस्पतीच्या बाबतीत, ती पूर्वीपासून वापरणाऱ्या सान आदिवासींनी आवाज उठवला, तेव्हा २००३ मध्ये दक्षिण आफ्रिकेतल्या सरकारी संशोधन संस्थेला त्यांच्याशी फायद्याच्या वाटणीचा करार करावा लागला.

सोपी वाट हवी असेल तर सदाफुली, गोरखचिंच अशी मूळ आफ्रिकेची पण आपल्याकडे रुजलेली झाडं निवडा. विद्यार्थ्याच्या पहिल्या प्रकल्पाला मी तरी हेच सुचवतो.

पायरी ३: लोक ते कसं वापरतात, ते नीट लिहून घ्या

"पारंपरिक औषध आहे" एवढ्याने भागत नाही. कुठला भाग, ताजा की वाळका, पाण्यात की दारूत, किती वेळ उकळून, कशासाठी? कडूपानाचंच घ्या. सूप करताना नायजेरियातल्या बायका पानं पाण्यात चोळून चोळून धुतात. फेस येतो, कडू पाणी टाकून देतात, पुन्हा चोळतात. औषध म्हणून घेताना मात्र तोच कडू रस प्यायला जातो. टांझानियाच्या महाले भागात आजारी चिंपांझी या झाडाच्या कोवळ्या फांद्या सोलून आतला गाभा चघळताना दिसले आहेत. पानं आणि साल ते टाकून देतात. एकाच झाडाचे हे तीन वापर, आणि तिन्हींतलं रसायन वेगवेगळं. तुम्ही न धुतलेल्या वाळक्या पानांचा मिथेनॉल अर्क काढलात, तर तो या तिघांपैकी कुणाचाच नाही. काढू नका असं नाही. पण "परंपरेला दुजोरा मिळाला" हे वाक्य मग लिहू नका.

आणखी एक. खेड्यातल्या वैद्याच्या बोलण्यात "कॅन्सर" असा शब्द क्वचितच असतो. गाठ, सूज, न भरणारी जखम, अंग झडणं, असं वर्णन असतं. त्यातलं काय गळू आणि काय कर्करोग, हे भाषांतर करणाऱ्याने ठरवलेलं असतं. वर्णन आहे तसं, त्यांच्या शब्दांत नोंदवा.

पायरी ४: अर्क

पानं सावलीत वाळवा, उन्हात नको. कुरकुरीत झाली की दळा. ५० ग्रॅम भुकटीला ५०० मिलिलिटर मिथेनॉल घ्या, झाकण लावून ४८ तास ठेवा, मधूनमधून हलवा. गाळणी कागदातून गाळा, उरलेल्या चोथ्यात पुन्हा मिथेनॉल घाला आणि सगळं एकत्र करून रोटरी इव्हॅपोरेटरवर (कमी दाबात द्रावक उडवणाऱ्या यंत्रावर) ४० अंशांच्या आसपास उडवा. तापमान वाढवायचा मोह होतो, कारण शेवटचे काही मिलिलिटर हटता हटत नाहीत. वाढवू नका.

फ्लास्कच्या बुडाशी जे उरतं ते काळपट हिरवं, काकवीसारखं चिकट असतं. खरवडून काढताना अर्धं चमच्याला लागतं. म्हणून रिकाम्या बाटलीचं वजन आधी घ्या, अर्क थोड्या मिथेनॉलमध्ये विरघळवून बाटलीत ओता, पुन्हा उडवा आणि मग बाटलीसकट वजन करा. ५० ग्रॅममधून ४ ग्रॅम आला तर उतारा ८ टक्के. हा आकडा पुढे लागणार आहे.

याच्याच जोडीला लोकांच्या पद्धतीने पाण्याचा काढाही करा. तो इव्हॅपोरेटरवर उडवत बसू नका, गोठवून वाळवा. पाण्याच्या अर्कावर दोन दिवसांत बुरशी येते आणि मग प्लेटमध्ये पेशी बुरशीने मरतात. दोन्ही अर्क उणे २० अंशांवर, अंधारात ठेवा.

वजन करून झालं की एक चिमूट अर्क परीक्षानळीत पाण्यासोबत जोरात हलवा. रिठ्यासारखा फेस आला आणि दहा-पंधरा मिनिटं टिकला, तर अर्कात सॅपोनिन आहेत. सॅपोनिन पेशींचं बाहेरचं आवरणच फोडतात, मग पेशी कॅन्सरची असो वा नसो. कडूपानात हा फेस येतो. अशा अर्काची चाचणी तांबड्या रक्तपेशींवरही करा. त्या फुटून द्रव लाल झाला तर तुमच्या सुंदर आलेखामागे निव्वळ साबणाचं काम असू शकतं. टॅनिन या तुरट द्रव्यांचं तसंच. ते प्रथिनांना चिकटतात आणि जवळपास प्रत्येक चाचणीत "गुणकारी" दिसतात. सालींत ते भरपूर असतं, म्हणून सालीचा अर्क पॉलिअमाइडच्या थरातून गाळून, गाळण्याआधीचा आणि नंतरचा, असे दोन्ही तपासा.

पायरी ५: द्रावण, आणि थोडं गणित

अर्क डीएमएसओ या द्रावकात विरघळवा: २० मिलिग्रॅम १ मिलिलिटरमध्ये. यातले ५ मायक्रोलिटर १ मिलिलिटर माध्यमात (पेशी ज्या द्रवात वाढवतात त्यात) घातले की १०० मायक्रोग्रॅम प्रति मिलिलिटर होतात आणि डीएमएसओ राहतं ०.५ टक्के. याच्या वर जाऊ नका. डीएमएसओ स्वतःच पेशींना त्रास देतं. १०० पासून खाली ५०, २५, १२.५ असे निम्मे करत ३ च्या आसपास या. सगळ्या पातळ्यांत डीएमएसओ सारखंच राहील असं बघा. अर्क थंड माध्यमात पडताच पुन्हा गोळा होतो का, तेही सूक्ष्मदर्शकाखाली पाहा. काळे कण दिसले तर तुमची १०० ची पातळी १०० ची नाही.

पायरी ६: पेशी कुठल्या

महाराष्ट्रात असाल तर नशीबवान आहात. पुण्याच्या विद्यापीठ आवारातल्या राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्राकडून सेल लाइन, म्हणजे प्रयोगशाळेत पिढ्यानपिढ्या वाढवत ठेवलेल्या पेशी, रीतसर मिळतात. शेजारच्या लॅबमधून "आहे का रे एखादी एमसीएफ-७ ची व्हायल?" म्हणून या स्तनाच्या कॅन्सरच्या पेशी उसन्या घेऊ नका. जगभर वर्षानुवर्षं स्तनाच्या कॅन्सरच्या म्हणून वापरलेल्या एमडीए-एमबी-४३५ या पेशी नंतर त्वचेच्या मेलॅनोमाच्या निघाल्या. हेला या गर्भाशयमुखाच्या कॅन्सरच्या पेशींनी तर कितीतरी लाइनमध्ये घुसून त्या गिळल्या. डीएनएचं एसटीआर प्रोफाइल (पेशी कुणाच्या, याची ओळख पटवणारी चाचणी) आणि मायकोप्लाझ्मा या पेशींत लपून वाढणाऱ्या जिवाणूची तपासणी, दोन्ही हवंच.

कॅन्सरच्या किमान दोन वेगळ्या अवयवांच्या लाइन घ्या, आणि एक निरोगी पेशींची. अनेक आफ्रिकी निबंधांत निरोगी म्हणून व्हेरो पेशी दिसतात. त्या आफ्रिकन हिरव्या माकडाच्या मूत्रपिंडाच्या आहेत, माणसाच्या नाहीत. वापरल्या तर चालतं, पण तसं स्पष्ट लिहा.

पायरी ७: जांभळा रंग

बहुतेक ठिकाणी एमटीटी चाचणी करतात. पिवळं एमटीटी जिवंत पेशींच्या आत जांभळं फॉर्मझान होतं. जास्त जांभळं म्हणजे जास्त पेशी जिवंत. ९६ खळग्यांच्या प्लेटमध्ये प्रत्येक खळग्यात ५,००० ते १०,००० पेशी, एक दिवस चिकटायला द्यायचा, मग अर्क, मग ३७ अंश आणि ५ टक्के कार्बन डायऑक्साइडमध्ये ४८ किंवा ७२ तास, मग ३-४ तास एमटीटी. वरचं माध्यम अलगद काढून डीएमएसओत स्फटिक विरघळवायचे आणि ५७० नॅनोमीटरवर वाचायचं. कडेच्या खळग्यांतलं पाणी उडतं, तिथे अर्क न घालता नुसतं बफर भरा.

आता माझी फजिती. सुरुवातीच्या काळात एका सालीच्या अर्कावर मी तीन आठवडे घालवले. कमी मात्रेत पेशी मरत, मात्रा वाढवली की पुन्हा जगत. आलेख इंग्रजी यू अक्षरासारखा. मी त्यावर एक भारी सिद्धांतही मनात रचला होता. शेवटी एका सिनियरने विचारलं, "पेशी नसलेल्या खळग्यात अर्क आणि एमटीटी घालून पाहिलंस?" घातलं. पंधरा मिनिटांत खळगा जांभळा! अर्कातली पॉलिफेनॉलंच एमटीटीला जांभळं करत होती, पेशींचा संबंधच नव्हता. म्हणजे वरच्या मात्रांत पेशी मेल्याच होत्या, रंग खोटा होता.

म्हणून प्रत्येक प्लेटवर पुढचे खळगे हवेतच: नुसतं माध्यम, अर्काविना पेशी, डीएमएसओसह पेशी, डॉक्सोरुबिसिनसारखं ओळखीचं औषध घातलेल्या पेशी, आणि पेशींविना अर्क, तोही प्रत्येक मात्रेला. एमटीटी घालण्याआधी अर्क धुऊन काढला तर बराच घोळ कमी होतो. अर्क गडद असेल तर एसआरबी चाचणी बरी. तिच्यात पेशींचं प्रथिन रंगवतात आणि अर्क आधीच धुतला जातो. खारघरच्या ॲक्ट्रेक या टाटा मेमोरियलच्या कर्करोग संशोधन केंद्रात औषध-छाननी याच पद्धतीने होते. तुमच्याकडे सोय नसेल तर नमुने तिथे पाठवण्याची चौकशी करा.

आणि आकडे वाचण्याआधी प्लेट सूक्ष्मदर्शकाखाली बघा. पेशी गोल झाल्या, आक्रसल्या, की फुटून चिंध्या झाल्या? हे यंत्र सांगत नाही.

प्रत्येक मात्रा तीन खळग्यांत, आणि अख्खा प्रयोग तीन वेगळ्या दिवशी. एका प्लेटवरचे तीन खळगे म्हणजे तीन प्रयोग नव्हेत.

पायरी ८: आकडा वाचणं

आयसी-५० म्हणजे पेशींची वाढ निम्म्यावर आणणारी मात्रा. अमेरिकेच्या राष्ट्रीय कर्करोग संस्थेच्या निकषावरून आलेली रूढ रेघ अशी: कच्च्या अर्काचा आकडा २० मायक्रोग्रॅम प्रति मिलिलिटरच्या आसपास किंवा खाली आला तर पुढे जाण्यात अर्थ, शुद्ध रेणूचा ४ च्या आसपास किंवा खाली. १५० किंवा २०० आला तर तो निकाल "काही नाही" असा वाचायचा. "मध्यम गुणकारी" हा शब्द अशा वेळी निबंधात डोकावतो, तो काढून टाका.

मग निवडकपणा. निरोगी पेशींचा आकडा भागिले कॅन्सर पेशींचा. व्हेरोवर ६० आणि हेलावर १५ आला तर निर्देशांक ४; ३ च्या वर असला की काही धागा आहे असं धरतात. १ च्या आसपास असेल तर तुमच्याकडे सरसकट विष आहे.

कॅमेरूनच्या डिशांग विद्यापीठातले व्हिक्टर कुएते आणि त्यांचे सहकारी गेली कित्येक वर्षं तिथल्या मसाल्यांची आणि औषधी वनस्पतींची छाननी करत आहेत. २०११ च्या त्यांच्या एका अभ्यासात ल्युकेमियाच्या पेशींवर चांगल्या चाललेल्या अर्कांत झायलोपिया इथिओपिका हा तिकडचा सुगंधी मसाला होता. आणि त्याच छाननीत आपलं आलंही होतं, त्याचाही अर्क पेशींवर चालला. सकाळच्या चहात आलं ठेचणाऱ्या कुठल्याही घराला विचारा, या निकालाचा अर्थ किती ताणायचा ते कळेल. त्या गटाचं मला आवडलेलं काम वेगळं आहे: ते साध्या पेशींसोबत औषधांना दाद न देणाऱ्या पेशीही घेतात. नेहमीची औषधं जिथे हरतात तिथे अर्क टिकला, तरच त्यात नवीन काही.

पेशंटच्या घरच्यांसाठी

समजा एखाद्या निबंधात अर्काच्या २०० मायक्रोग्रॅम प्रति मिलिलिटर मात्रेला पेशी मेल्या. माणसाच्या अंगात ढोबळमानाने ४० लिटर पाणी. तेवढ्यात ही मात्रा गाठायला ८ ग्रॅम अर्क जसाच्या तसा शोषला गेला पाहिजे. भुकटीतून ८ टक्के अर्क निघतो असं धरलं तर त्यासाठी १०० ग्रॅम वाळकी भुकटी, रोज, आणि यकृताने त्यातलं काहीही न मोडता. असं होत नाही. "प्रयोगशाळेत सिद्ध" या फॉरवर्डमागे बहुतेक वेळा एवढंच असतं.

सदाफुलीची पानं चावून कॅन्सर बरा होत नाही. सदाफुलीतून मिळणारं कॅन्सरचं औषध, व्हिनक्रिस्टिन, पानात इतकं नगण्य असतं की ग्रॅमभर काढायला शेकडो किलो पानं लागतात; उलट पानातली बाकीची अल्कलॉइडं पोटात जातात. आणि दवाखान्यातलं व्हिनक्रिस्टिन एका वेळी सहसा २ मिलिग्रॅमच्या वर देत नाहीत, तेही फक्त शिरेतून. चुकून पाठीच्या कण्यातल्या द्रवात गेलं तर जीव जातो. इतक्या काट्यावर तोलायचं औषध पानांच्या मुठीने मोजता येत नाही.

"निदान अपाय तर नाही ना?" याचंही उत्तर देता येत नाही. तिकडे "कॅन्सर बुश" म्हणतात त्या सदर्लँडियाची दक्षिण आफ्रिकेत एचआयव्ही असलेल्या लोकांवर चाचणी झाली. २०१५ च्या अहवालात झाड घेणाऱ्यांत संसर्गाचा त्रास जास्त दिसला, आणि टीबी टाळायच्या आयसोनियाझिडच्या कामात ते आड येतं का, अशी शंका अभ्यासकांनी नोंदवली. केमो चालू असताना काहीही पाला, काढा, भुकटी घेत असाल तर ऑन्कॉलॉजिस्टला सांगा. ओरडा बसेल म्हणून लपवू नका.

पायरी ९: अर्क फोडणं

आकडा चांगला आला तर खरं काम आता सुरू. कच्चा अर्क पाण्यात घेऊन आधी हेक्झेन, मग इथाइल ॲसिटेट, मग ब्युटेनॉल यांनी टप्प्याटप्प्याने वेगळा करा आणि प्रत्येक भाग पुन्हा पेशींवर तपासा. जिथे गुण जाईल तिथे आपण जायचं. कडूपानात सेस्क्विटर्पिन लॅक्टोन नावाचे कडू रेणू आहेत, ते सहसा मधल्या भागात उतरतात. सॅपोनिन ब्युटेनॉलकडे जातात. कुठला भाग चालतो त्यावरून साबण की रेणू, हे कळायला लागतं.

पुष्कळदा असं होतं की फोडत गेलं तसा गुण विरत जातो आणि शेवटी हातात काहीच राहत नाही. कधी रेणू मोडतो, कधी दोघांचं मिळून काम असतं, कधी पहिलाच आकडा खोटा असतो. म्हणून सुरुवातीच्या अर्कातला थोडा भाग न उघडता ठेवा आणि तोच दर वेळी सोबत तपासा.

एखादा शुद्ध रेणू मिळालाच, तर पहिला प्रश्न: हा आधीच कुणाला माहीत आहे का? वस्तुमान आणि एनएमआरची (रेणूची रचना दाखवणाऱ्या तपासणीची) माहिती जुन्या नोंदींशी ताडून पाहा. तीन वर्षं घालवून क्वेर्सेटिन, म्हणजे कित्येक झाडांत सापडणारा जुनाच रेणू, शोधून काढणारे कमी नाहीत.

लिहिताना

शीर्षक "कडूपानाचे कॅन्सरविरोधी गुणधर्म" असं नको. "जिम्नँथेमम अमिग्डालिनमच्या पानांच्या मिथेनॉल अर्काचा एमसीएफ-७ पेशींवरील पेशीघातक परिणाम" असं लिहा. रुक्ष वाटेल, पण तुम्ही केलंय तेवढंच. झाड कुठून, कुठल्या महिन्यात आणलं, हर्बेरियम क्रमांक, परवानगी क्रमांक, उतारा, डीएमएसओची टक्केवारी, किती दिवशी प्रयोग केला, आणि पेशींविना अर्काच्या खळग्यांचं काय झालं, हे सगळं पद्धतीच्या भागात यायला हवं. न चाललेले अर्कही तक्त्यात ठेवा. पुढच्याचं एक वर्ष वाचेल.

आणि उरलेल्या अर्कातले निदान १०० मिलिग्रॅम वेगळ्या बाटलीत घालून, झाडाचं नाव, भाग, द्रावक, तारीख आणि स्वतःचं नाव पेन्सिलीने लिहून फ्रीझरच्या खालच्या कप्प्यात ठेवा. मार्करची शाई मिथेनॉलचा एक थेंब पडला की पुसली जाते.